चहातला मातकट वास

सोमवार, ३ फेब्रुवारी
ग्लेनिसचा दफनविधी होऊन पंधरवडा झाला. बायको गेल्यावर माणसं खचतात म्हणे. मी ठणठणीत आहे. फक्त चहा बिघडलाय. पत्ती तीच, किटली तीच, चव मात्र मातकट. म्हणजे दोष पाण्यात. कुरिंबा गावाचं पाणी मीच शुद्ध करतो. शुक्रवारपर्यंत निकाल लावतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी
संशयित सापडला: जिओस्मिन. धरणातल्या शेवाळातून सुटतं. विषारी नाही, पण कणभर असलं तरी पाण्याला ओल्या मातीचा वास. नमुना ब्रिस्बेनच्या लॅबला पाठवला. वाट कशाला बघायची? प्लँटमध्ये कोळशाची पूड वाढवली; ती असलं सगळं शोषून घेते.
संध्याकाळचा चहा: तसाच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
लॅबचा फोन. जिओस्मिन नाही, कीटकनाशक नाही, काहीच नाही. इतकं छान पाणी क्वचित बघायला मिळतं म्हणाले. त्यांची यंत्रं जुनी झाली असावीत.
टॅम्सिन, म्हणजे माझी साहेब, म्हणाली, "डेस, अरे चहा अख्खं गाव पितंय. तक्रार तुझ्या एकट्याचीच." लोकांना चव कुठे कळते?
डोळ्यांतून पाणी येतंय. क्लोरीनच्या खोलीत हवा खेळत नाही. दुरुस्ती सुचवली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
कोळसा आणखी वाढवला. फिल्टर तुंबले. दुपारी गावभर नळाला राखाडी पाणी. बोलिंग क्लबवाल्यांचे खेळायचे पांढरे कपडे धुवून करडे झाले.
टॅम्सिन ओरडली नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घरी जा रे. महिनाभर इकडे फिरकू नकोस." ठीक. घरी चाचण्या निवांत होतील.

रविवार, १६ फेब्रुवारी
शेजारची नायरी आली. ओट्यावरचे कपच कप बघून म्हणाली, "हे काय मांडलंयस?" सांगितलं. तिने किटली उचलली आणि मागच्या दाराने निघाली. अगं, नळ इकडे आहे, म्हटलं.
म्हणाली, "चहाला पावसाच्या टाकीतलं पाणी ना? ग्लेनिस तिथूनच भरायची."
कधीपासून, विचारलं.
"लग्न होऊन इथे आली तेव्हापासून. तुझं पाणी तिला घशाखाली उतरायचं नाही. पण डेसला कळता कामा नये, असा दमच दिला होता मला. तो त्या पाण्यावर जीव टाकतो, म्हणायची."
क्लबात मी सगळ्यांना सांगायचो, ग्लेनिसच्या चहाचं गुपित म्हणजे माझं पाणी. ती शेजारी बसून मान डोलवायची.
चहा झाला. चव अगदी ग्लेनिसच्या चहाची. जमला का, नायरीने विचारलं. मी रिकामा कप पुन्हा पुढे केला.

सोमवार, १७ फेब्रुवारी
पाण्यात दोष नाही. लॅबचीही चूक नाही. शोधायला काही उरलं नाही.
सकाळी एकदम मनात आलं, इतकी वर्षं मान डोलवताना हसू कसं आवरायचीस गं? विचारायला उठलो. स्वयंपाकघरापर्यंत गेलो.