दोरीचं दुसरं टोक

सोमवार, १२ जानेवारी
सकाळी साडेसात

प्रिय पान्या,

अनेक आशीर्वाद. माझं गुडघे सोडून सगळं ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस.

काल, रविवार ११ जानेवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तू जुन्या मोटारसायकलींच्या दुकानासमोर असायला हवा होतास. मी दहाला पाच कमी असतानाच हजर होते. अकरा पंचवीसला तुझा मेसेज आला: "ताई, घेऊ नकोस. भंगार असेल." असेल म्हणे. चौतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. न बघता साक्ष देणारे पुष्कळ पाहिले, पण ते निदान कोर्टात तरी यायचे. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, उशीर हा खोटेपणाचा धाकटा भाऊ. माझा धाकटा भाऊ तर उगवलाच नाही.

तेव्हा गाडी मीच तपासली. आधी इंजिनाला हात लावला, तू लावायचास तसा. चांगलंच तापलेलं होतं.

"सकाळीच फिरवून आणलीत वाटतं?"

"थंडी आहे ना मावशी, जरा गरम केली."

"थंडीतच तर कळतं, पहिल्या किकला उठते की नाही ते."

दुकानदाराने कान खाजवला. टाकीला उजवीकडे वाटीएवढा पोचा आहे. म्हणाला, उभ्या गाडीला कोणाचा तरी धक्का लागला, पडली बिचारी. मी वाकून (माझे गुडघे, तरीही वाकून) फुटरेस्ट पाहिला. त्याचं टोक घासून चपटं झालेलं. मी म्हटलं, "उभी गाडी पडली तर फुटरेस्ट वाकतो, घासत नाही. ही बिचारी रस्त्यावर लांबपर्यंत घसरत गेलीय."

"मावशी, तुमचं गॅरेज होतं का?"

"भावाचं होतं."

मग पर्समधून दोरी काढली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायची, दोन्ही बाजूंना अंतर सारखं भरलं तर सांगाडा सरळ. आपल्या अंगणात मागचं टोक तुझ्याकडे असायचं आणि पुढचं माझ्याकडे. "ताई, हलू नकोस," असं बारा वर्षांचं पोर मला दटावायचं, आणि मी, जी कोणाच्या बापाचं ऐकत नसे, श्वास रोखून उभी राहायचे. काल तुझं टोक दुकानदाराने धरलं. त्याला फोन आला. फोन खांद्यात, दोरी चिमटीत. पहिल्यांदा एका बाजूला दोन बोटं जास्त भरली, दुसऱ्यांदा दोन्ही सारखी. "बघा, सरळ आहे की." ढिल्या दोरीला सगळंच सरळ दिसतं. मी दोरी गुंडाळली आणि घरी आले. रिक्षात फुटरेस्टचं कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. रिक्षावाल्याला सांगितलं. तो "हो का" म्हणाला.

आता तू विचारशील, सदुसष्टाव्या वर्षी ताईला मोटारसायकल कशाला? हिला तर सायकलही येत नाही.

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हा माझा धंदाच होता. तुझी बायको गेली त्या दिवशी, भरल्या खोलीत, मी म्हणाले होते: "इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगतोस, बायकोचा खोकला ऐकू आला नाही तुला?" शब्दशः लिहिलं आहे. महिन्याभरात गॅरेजला कुलूप लावलंस आणि स्वतःची गाडीही विकलीस. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू मला मेसेज पाठवतोस, तेही विचारलं तरच.

एक गोष्ट तेव्हा बोलले नाही. दर रविवारी तिच्या शेजारी मी बसायचे. तो खोकला मीही ऐकला होता. "गरम पाणी पी," म्हणायचे आणि माझं पुढचं पुराण सुरू ठेवायचे. त्या दिवशी कोणीतरी मला हे विचारेल अशी भीती होती, म्हणून मी आधी तुला विचारलं.

हे लिहायला मला दीड वर्ष आणि एक घासलेला फुटरेस्ट लागला.

गाडी तुझ्यासाठी आहे. घेण्यासारखी निघाली तर तू चालवायचीस, मी मागे बसेन. मागे बसून बडबड केली तरी वाऱ्यात तुला ऐकू येणार नाही, ही सोय आहे. नसेल घेण्यासारखी, तर नको. पण ते तू बघून ठरवायचं, आणि बघायला दोघं लागतात हे तुला मी सांगायला नको.

पोस्टावर माझा भरवसा नाही. हे पाकीट आज मीच तुझ्या दारावरच्या पेटीत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही. शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, तेव्हा कधी येतोस याचं उत्तर मला शुक्रवार, १६ जानेवारी, दुपारी बाराच्या आत हवं, आणि लेखी हवं. फोन चालणार नाही. फोनवर मी बोलते, आणि मी बोलले की काय होतं ते आपण पाहिलं आहे. मोठं लिहायला नको, दिवस आणि वेळ लिही. इंजिन थंड ठेवायला दुकानदाराला बजावलं आहे.

दोरी पर्समध्येच आहे.

पुढच्या चाकापाशी, न हलता,
तुझी ताई