चोवीसातली एक सरळ फ्रेम

सोमवार, ५ जानेवारी २०२६

घडलं ते क्रमाने :

१. सकाळी ९.४० ला उधन्याच्या गोडाऊनमधून टेम्पो आला. ठरलेली वेळ ९.
२. टेम्पोत स्टीलच्या चोवीस सायकल फ्रेम. बिलावर शिक्का : ए ग्रेड.
३. ९.५५ ला पहिली फ्रेम हातात घेतली. सांध्यांवरचं वेल्डिंग चघळून थुंकल्यासारखं.
४. ९.५६ ला खाली ठेवली.
५. हात धुतले.
६. चेतन म्हणाला, ताई, अजून तेवीस आहेत.

आजपासून या वहीत नोंदी ठेवणार. फक्त माझ्यासाठी. मापं लिहीन, भावना लिहिणार नाही.

पार्श्वभूमी. चेतन माझा चुलतभाऊ. एम्ब्रॉयडरी मशीनवरची नोकरी सोडून त्याने डिंडोलीत गाळा घेतला आहे. कारखान्याची तयार फ्रेम आणायची आणि बाकीची सायकल माणसाच्या मापाने तिच्यावर बांधायची, हा धंदा. तपासणी माझ्याकडे. डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर तीन वर्षं हजिऱ्याच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. तिथे त्यांना माझ्या अचूकतेची सवय झाली नाही.

पहिली ऑर्डर सहा सायकलींची. एका हॉस्पिटलातल्या सहा आया. शिफ्ट सकाळी सहाची, आणि १ फेब्रुवारीपासून त्यांची बस बंद होते आहे. कुसुमताई त्यांच्या पुढारी, उंची १४६ सेंटिमीटर. आधी त्यांची एक सायकल. ती पसंत पडली तर उरलेल्या पाच. नाही पडली तर चेतन पुन्हा एम्ब्रॉयडरी मशीनवर.

निर्णय : वाईट फ्रेम या गाळ्यातून बाहेर जाणार नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

तपासणीचं टेबल बसवलं. बमरोलीच्या एका बंद पडलेल्या मिलमधलं, भंगारवाल्याकडून आणलेलं. ओतीव लोखंड, वजन तीनशे किलोच्या आसपास. या गाळ्यात विश्वास ठेवावा अशी ही एकच वस्तू.

लेव्हल टेबलच्या मधोमध ठेवून बुडबुडा पाहिला. मधोमध आला. प्रमाणपत्र तयार केलं : 'टेबल सपाट आहे. तपासणी : स्वप्ना. मंजुरी : स्वप्ना.' लॅमिनेट करून भिंतीला लावलं.

दुपारी बाबा डबा घेऊन आले. बाबा तीस वर्षं मिलमध्ये फिटर होते. टेबलवरून हात फिरवून हसले. म्हणाले, हाई कोठे सापडनं वं तुले? मी भंगारवाल्याचं नाव सांगितलं. ते परत हसले. कारण विचारलं नाही. मी कामात होते.

बुधवार, ७ जानेवारी

पद्धत. फ्रेम टेबलवर आडवी. जिथे पेडल बसतात ती नळी टेबलवरच्या खुंट्यात घट्ट. मग पुढची नळी, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा आणि हँडल बसतात ती, टेबलपासून किती उंच हे मोजायचं. फ्रेम सरळ असेल तर ठरलेला आकडा येतो. एक मिलीमीटरपर्यंत माफ. त्यापुढे नाही.

फ्रेम १ : ५ मिलीमीटर बाहेर, उजवीकडे.
फ्रेम २ : ५, उजवीकडे.
फ्रेम ३ ते ८ : ५, उजवीकडे.

किळस आली. एकदा चुकणं समजू शकते. इतक्या शिस्तीने चुकायला मुळातच खोट लागते.

चेतन म्हणाला, ताई, सगळ्या एकाच बाजूला, एकाच मापाने? जरा विचित्र नाही का? मी त्याला समजावलं की फ्रेम ज्या साच्यात धरून जोडतात तो साचाच वाकडा आहे, आणि कारखान्यात कोणाला त्याची लाज नाही. चेतन म्हणाला, एखादी उलटी करून बघू या का? नको म्हणाले. एकदा अचूक मोजलं की दुसऱ्यांदा मोजायचं कारण उरत नाही.

शनिवार, १० जानेवारी

सतरा झाल्या. सतराही नापास.

मापाशिवायची निरीक्षणं :
फ्रेम ९ : पेडलच्या नळीचे आटे इतके भरड की बेअरिंगचा कप फिरवताना दातांत वाळू आल्यासारखं होतं.
फ्रेम ११ : 'हलकं खास स्टील' असं स्टिकर. चुंबक, कानस, वजनकाटा तिन्ही लावले. स्टीलमध्ये खास काही नाही. स्टिकर मात्र चांगलं चिकटलं आहे.
फ्रेम १४ : लॅकरखाली डास. पंख शाबूत. त्याची बनावट फ्रेमपेक्षा सरस.
फ्रेम १६ : नळीच्या आत कोणीतरी विडीचं थोटूक टाकून वेल्डिंगने तोंड बंद केलं आहे. हलवलं की वाजतं.

चेतनने विचारलं, रंगवून, आटे साफ करून चालणार नाहीत का? आटे साफ होतात, डास खरवडता येतो, थोटूक काढता येतं. पाच मिलीमीटर काढता येत नाहीत, असं शांतपणे सांगितलं. चेतनच्या मते मी ओरडले. बाजूच्या झेरॉक्सवाल्याचंही तेच मत. दोघांनाही आवाज मोजायचं शिक्षण नाही.

निर्णय : या आठवड्यात चिडायचं नाही. आतापर्यंत चिडले : शून्य वेळा.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी ११.१०. फ्रेम १९ : ०.२ मिलीमीटर.

पुन्हा मोजलं नाही. गरज नव्हती. पाच मिनिटं नुसती बघत बसले.

म्हणजे त्या कारखान्यात एक माणूस आहे. वाकड्या साच्यात, विड्यांच्या राखेत, डासांत उभा राहूनही सरळ जोडणारा. त्याचं नाव कोणाला ठाऊक नसणार. माझ्यासारखीच माणसं ठिकठिकाणी एकटी असतात.

१८, आणि २० ते २४ : ५, उजवीकडे. अपेक्षेप्रमाणे.

निकाल : चोवीसपैकी एक पास.

बुधवार, १४ जानेवारी

उत्तरायण. सगळं शहर पतंग घेऊन गच्च्यांवर. मी गाळ्यात.

१९ नंबरवर कुसुमताईंची सायकल बांधली. पेडलचे आखूड दांडे, म्हणजे क्रँक, जवळ येणारं हँडल, सीट ६२ सेंटिमीटरवर. मागे डब्याची जाळी. बाबा उंधियू घेऊन आले होते. सायकलकडे एक डोळा मिटून पाहत राहिले. म्हणाले, बाकीच्या बठ्ठ्या वाकड्या शेतस? मी हो म्हणाले. ते म्हणाले, आणि हीच एक सरळ? मी हो म्हणाले. बाबा उंधियू गार होईल म्हणाले आणि गेले.

कौतुक करायला आमच्या घरात कोणाला येत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

तेवीस फ्रेम परत न्यायला डीलरचा माणूस प्रदीप आला. सोबत माझा चार पानी रिपोर्ट दिला. पान १ ते ३ : मापं आणि दोष. पान ४ : कारखान्याच्या दानतीविषयी माझं मत, आणि १९ नंबर जोडणाऱ्या कामगाराला बढती द्यावी अशी शिफारस.

प्रदीपने उभ्या उभ्या पान ४ वाचलं. म्हणाला, बेन, आ तो सायकल छे, रॉकेट नथी. मी म्हणाले, रॉकेट पडलं तर बातमी तरी होते. तो म्हणाला, बेन, यातली एक फ्रेम टेम्पोतून उतरवताना आमच्याच गोडाऊनमध्ये पडली होती, दगडावर आपटली, ती चुकून तुमच्याकडे आली म्हणून शेठ ओरडत होते, ती तेवढी बाजूला द्या. मी सांगितलं की ती या तेवीसमध्येच असणार, गोडाऊनला जाऊन शोधा. त्याने खांदे उडवले आणि दोरी बांधली.

चेतन टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभा होता. म्हणाला, ताई, बाकीच्या पाच कशावर बांधायच्या? चांगल्या कारखान्याला पत्र लिहिते म्हणाले. कोणता चांगला कारखाना? शोधते म्हणाले.

रविवार, १८ जानेवारी

कुसुमताई सायकल घेऊन गेल्या. बसल्याबरोबर म्हणाल्या, अगं बाई, पाय टेकतात! गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. येताना झेरॉक्सच्या पाटीला घासून आल्या. नवी सायकल, सवय नाही.

सोमवार, १९ जानेवारी

कुसुमताईंचा फोन. म्हणाल्या, स्वप्ना, सायकल गुणाची आहे, पण तिला डावीकडून कोणीतरी हाका मारतं. जाताना पाणीपुरीच्या गाडीवर गेले, येताना शाळेच्या भिंतीला लागले. पाणीपुरीवाला म्हणाला, मावशी, इतकी ओढ बरी नाही.

विश्लेषण : फ्रेम ०.२. चाकं मी स्वतः सरळ केली. उरतो तो रस्ता आणि कुसुमताई.

मंगळवार, २० जानेवारी

कुसुमताईंची मापं घेतली. डावा खांदा उजव्यापेक्षा ९ मिलीमीटर खाली. कारण सापडलं. वीस वर्षं डाव्या हाताने बादल्या उचलल्याचा परिणाम.

सुचवलं की उजव्या बाजूला किलोभर वजन बांधावं. त्या म्हणाल्या, बटाटे चालतील? चालतील म्हणाले.

गुरुवार, २२ जानेवारी

बटाट्यांचा उपयोग नाही. कुसुमताई येऊन सायकल ठेवून गेल्या. शांत होत्या, ते मला आवडलं नाही. म्हणाल्या, बेटा, आज डिव्हायडरच्या कटमधून वळताना मागून ट्रक आला. मी हँडल उजवीकडे ओढलं, ती डावीकडेच गेली. वाचले, पण घरी सुनेने पाहिलं आणि रडली. बाकी पाचजणी विचारतात, आमच्या सायकली पण अशाच भिंती शोधणार का? त्यांना काय सांगू?

मी म्हणाले की फ्रेम तपासलेली आहे. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. म्हणाल्या, तपासणी पण तूच, मंजुरी पण तूच. घरातलं लग्न आहे का हे?

चेतनला एम्ब्रॉयडरीच्या जुन्या शेठला फोन करताना ऐकलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

बाबा आले. खिशात यार्नचं सूत असतंच, मिल सुटली तरी सुटलं नाही. मागचं चाक फ्रेममध्ये बसतं त्या एका खाचेला बांधलं, पुढच्या नळीला वळसा घातला, दुसऱ्या खाचेला आणून बांधलं. सीटच्या नळीच्या डावीकडे दोऱ्याच्या आत त्यांची दोन बोटं बसली. उजवीकडे बसली नाहीत.

म्हणाले, वाकडी शे.

मी सांगितलं की दोऱ्याला प्रमाणपत्र नसतं आणि बोटं ही मोजमापाची साधनं नाहीत. बाबा टेबलच्या कडेला बसले. म्हणाले, माय, या टेबलवर आम्ही तीस वर्षं वाकलेले शाफ्ट घणाने ठोकून सरळ केले. इकडची बाजू दबली तेव्हा मीच शेठला सांगितलं होतं. मग त्यावर माप घ्यायचं बंद करून आम्ही डबे खायला लागलो. तुला ओळखू येईल वाटलं होतं.

मी विचारलं, पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? म्हणाले, तू प्रमाणपत्र लावत होतीस.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळी ७.०५. गाळ्यात कोणी नसताना १९ नंबर उलटी करून मोजली. सुलटी : ०.२. उलटी : ९.८.

हिशोब. टेबल सरळ असतं तर दोन्हीकडून आकडा सारखाच आला असता. टेबल ५ मिलीमीटर चुकीचं. फ्रेम १९ पाच मिलीमीटर डावीकडे वाकडी. दोन चुका एकमेकींत बसल्या म्हणून ती सरळ दिसली. ज्या तेवीस फ्रेम ५ उजवीकडे दिसल्या, त्या सरळ होत्या. डास, विडी, आट्यांसकट सरळ.

उलटं करून मोजणं डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला असतं. मला त्यात ४९ होते. ५० पैकी.

वेल्डिंग अजूनही घाणेरडंच आहे. हे नोंदवून ठेवते.

दुपारी प्रदीपला फोन केला. उचलला नाही. चेतन म्हणाला, ताई, सगळ्या बायकांना सांगितलंय की मंगळवारपर्यंत थांबा. त्यानंतर त्या कुठून तरी सेकंड-हँड सायकली घेतील. मग मी कुसुमताईंकडे जाऊन चूक माझी होती असं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझा खांदा? खांदा ठीक आहे म्हणाले. त्यांनी मला बटाटेवडे दिले. नाही म्हणता आलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

पत्र. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन खर्ड्यांत 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द होते. काढले. हाच मजकूर प्रदीपला पाठवला :

श्री. प्रदीप यांस,

१६ तारखेला परत केलेल्या तेवीस फ्रेम सरळ आहेत. माझं टेबल वाकडं होतं. गोडाऊनमध्ये दगडावर आपटलेली फ्रेम मी ठेवून घेतली, ती चालत नाही. रिपोर्टमधले मापाचे सगळे आकडे मागे घेते. पान ४ फाडून टाकावं. कारखान्याला पाठवलं असल्यास माझ्या नावाने माफी कळवावी.

त्या फ्रेम अजून गोडाऊनमध्ये असतील तर सहा हव्या आहेत. कोणत्याही सहा. मी निवडणार नाही. सहा बायकांना १ फेब्रुवारीला पहाटे कामावर निघायचं आहे आणि बांधायला मला चार दिवस लागतात.

फ्रेम आहेत की गेल्या, एवढं कृपया मंगळवार, २७ जानेवारीपर्यंत कळवावं.

स्वप्ना