दोषचिठ्ठी

९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद.

तुझी गिटार दुकानात परत आली आहे आणि तिची दोषचिठ्ठी मला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. एरवी आपण वर्षातून दोनदा फोनवर हवापाण्याचं बोलतो आणि तेवढं दोघांना पुरतं, हे मला ठाऊक आहे.

तुझ्या गुडघ्याचं तुझ्या बायकोने कळवलं. जिने टाळ आणि सांगितलेला व्यायाम कर. ‘करतो’ म्हणू नकोस, कर. मी ठीक आहे. चष्म्याचा नंबर बदलला. समोरचा छापखाना गेला, त्या जागी व्यायामशाळा आली. दिवसभर वजनं आदळतात आणि आपल्या भिंतीवरची वाद्यं आपसूक गुणगुणतात. आधी डोकं उठायचं. मग लक्षात आलं, ज्याची फळी आतून सुटलेली असते ते वाद्य गुणगुणत नाही, खुळखुळतं. म्हणजे तपासणीला बिनपगारी माणूस मिळाला.

तर, गेल्या गुरुवारी एक गृहस्थ गिटारची पेटी घेऊन आले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. बोटं आखडली म्हणून गिटार विकायला काढली. मी नेहमीप्रमाणे पेटी उघडायच्या आधीच विचारलं, “हिला काय काय सोसावं लागलंय?”

“दोनदा पडली.”

“पडली की पाडली?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “एकदा मी पाडली. एकदा बायकोने. तिने मुद्दाम.”

बाबांचा नियम मी अजून चालवते. विकायच्या वाद्याचे दोष गिऱ्हाइकाने शोधायच्या आधी आपण लिहून द्यायचे, आणि त्या चिठ्ठीत ‘झालं’, ‘पडलं’, ‘तुटलं’ लिहायचं नाही. कुणी केलं ते लिहायचं. लोक वैतागतात. एक बाई म्हणाल्या, हे दुकान आहे की पोलीस चौकी. पण तीन गावांवरून लोक आपल्याकडे येतात ते त्या चिठ्ठीसाठीच.

पेटी उघडली. मी मान एका डोळ्याने निरखली, सरळ होती. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली कागदाची कड सरकवून पाहिली, कुठेच शिरली नाही. मग आतली बाजू पाहायला तो छोटा गोल आरसा भोकातून घातला.

“हे तर आमचं हत्यार,” डॉक्टर म्हणाले. “आ करायला सांगा तिला.”

आरशात आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. अक्षरं उलटी. तरी बाबांचं वळण ओळखायला मला क्षणही लागला नाही. उजेड धरून वाचली. ‘वरची फळी घासून जाड वॉर्निश दिले. घोडीशेजारी तळहाताएवढी जागा काचेने खरवडली. दोन्ही कृत्ये धाकट्या मुलाची. आवाज दबला आहे. पाहून घ्यावे.’

“मी पाठ केलीय ती,” डॉक्टर म्हणाले. “आमच्याकडे आरशांना काय तोटा? चाळीस वर्षं त्या मुलाला शिव्या घालतोय. सूर खुलला नाही की म्हणायचो, धाकट्या, तुझं ते वॉर्निश. आता घरात रूढच झालंय. भाजी करपली की बायको म्हणते, धाकट्याने केलं.” मग त्यांनी विचारलं, “पुढे काय झालं हो त्याचं?”

“जमीनमोजणी खात्यात लागला. सुखात आहे.”

“म्हणजे ओळखता?”

“भाऊ माझा.”

बिचारे फार ओशाळले. माफी मागितली. वर म्हणाले, “पण असं वाद्य बिघडवणारा माणूस…” आणि वाक्य सोडून दिलं. मी पावती फाडली.

गिटार मी घेतली. ती तुझ्याकडे असावी असं मला वाटतं. बाबांनी ती तुझ्यासाठीच बाजूला ठेवली होती. बाबा बाहेरगावी असताना तिचं पॉलिश झालं, त्यावरून घरात बिनसलं आणि तू गेलास, हे आपण दोघं जाणतो. त्यात आता शिरायला नको. तुला हवी असेल तर कळव. नको असेल तरी कळव, म्हणजे मी नवी चिठ्ठी लिहून विकायला लावेन.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

वरचा मजकूर मंगळवारीच पाकिटात जायचा होता. लेखी काहीही मी दोनदा वाचते. दुसऱ्यांदा वाचताना अडले. ‘तिचं पॉलिश झालं.’ हेच एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर मी त्याला तिथेच उभं केलं असतं. पॉलिश कधी आपोआप होतं का?

केलं. मी करून घेतलं.

क्रम असा होता. मी पदवी घेऊन घरी आले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. एका बंद पडलेल्या संगीतशाळेची वाद्यं पाहायला बाबा दहा दिवसांसाठी गेले. दुकान माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक ती गिटार पाहून म्हणालं, इतकी कळकट? ती कळकट नव्हती. लाखेचं पातळ पॉलिश होतं, आणि आधीच्या कुणा वाजवणाऱ्याचा हात टेकून टेकून एका जागी ते विरलं होतं. पण मला ते तेव्हा दिसलं नाही. ती तुझ्यासाठी ठेवलेली आहे हे मला माहीत होतं, हेही लिहून टाकते. बाबा तुझ्या कानाचं कौतुक करायचे. मला वाटलं, विकण्याची अक्कल कुणाला आहे हे त्यांना एकदा दाखवावं.

शेजारी जेवणाचं टेबल रंगवायला फर्निचरवाला आला होता. तू म्हणालास, “ताई, त्याला हात लावू देऊ नकोस. टेबलाला आवाज नसतो.” मी म्हणाले, “तू आधी परीक्षा पास हो.” चार दिवसांनी गिटार परत आली ती नव्या कपाटासारखी. तू एकच तार छेडलीस आणि तशीच हाताने दाबून धरलीस.

नंतरचे दोन दिवस तू मागच्या खोलीत बसून काचेच्या तुकड्याने ते वॉर्निश उतरवत होतास. मी तुला दोनदा जेवायला हाक मारली. बाबा एक दिवस आधी आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच: गिटार तुझ्या मांडीवर, काच तुझ्या हातात, भुसा तुझ्या गुडघ्यांवर.

“वाद्याला काच लावलीस?” ते म्हणाले. “आणि हे वॉर्निश? तेही तूच?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी सुट्या तारा पाकिटात भरत होते. भरत राहिले.

तू काहीच बोलला नाहीस. का, ते मी तुला कधी विचारलं नाही. ते विचारायचं तर त्याआधीचं सगळं मला बोलावं लागलं असतं. बाबा म्हणाले, पुन्हा दुकानात पाय ठेवायचा नाही. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल, मग सांगू. आठव्या दिवशी तू नोकरीच्या जाहिराती कापायला लागलास. फर्निचरवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की बाबांना काही बोलू नकोस. म्हणजे मी नकळत गप्प राहिले असंही नाही, तेवढीही सबब मला नाही.

पुढचं याहून वाईट आहे.

बाबा शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते म्हणाले, “धाकट्याने खरंच तसं केलं असेल का गं? त्याचा हात असा नव्हता.” चांगले शुद्धीवर होते. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हणाले, “आता ते कशाला उगाळायचं?” त्यांनी दुसरा हात पुढे केला. पुन्हा विषय काढला नाही.

त्यांना सांगितलं असतं तर ते असताना तू त्यांना भेटला असतास. तू आलास ते सगळं आटोपल्यावर. दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून चहा प्यालास, भर उन्हात. तुझी बायको म्हणाली, “आत तरी या.” तू म्हणालास, “इथे बरा आहे.” मी तुझ्या हातातून रिकामा कप घेतला आणि विसळायला गेले. तो कप मी बराच वेळ विसळत होते.

हे सगळं आधी डॉक्टरांना सांगितलं. रंगीत तालीम म्हण. काल ते गिटारचा राहिलेला पट्टा द्यायला आले होते. मी म्हणाले, “त्या चिठ्ठीतला मुलगा निर्दोष आहे. वॉर्निश मी लावून घेतलं. तो ते काढत होता.”

ते खुर्चीत बसले. पट्टा गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, “मग आता भाजी करपली तर कुणाचं नाव घ्यायचं?”

“माझं घ्या.”

“तुमचं नाही जमणार. तुमची भीती वाटते.” आणि दाराशी जाऊन वळले. “त्यांना कळवलंत?”

“लिहिते आहे.”

“लिहा. एवढ्या जुन्या दाढेला भूल लागत नाही बरं का.” एवढं बोलून गेले. ते आपल्या धंद्यातलं बोलत होते, पण मला पटलं.

आज सकाळी गिटार खिडकीत आडवी धरून ती खरवडलेली जागा भिंगाने पाहिली. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून मी हेच काम करते आहे, तेव्हा हे बहीण म्हणून लिहीत नाही. काचेने वॉर्निश उतरवताना लाकडाचा तंतू उचकटला जातोच, माझ्याकडूनही जातो. तुझ्या त्या तळहाताएवढ्या जागेत एकही तंतू उचकटलेला नाही. तू वॉर्निश काढलंस आणि खालच्या जुन्या लाखेचा जो जरासा थर उरला होता त्याला धक्का लावला नाहीस. एकोणीस वर्षांच्या मुलाने, चिडलेल्या, खिडकीतल्या फुटक्या काचेने. बाबांनी भिंग लावलं असतं तर त्यांना दोन मिनिटांत कळलं असतं. ते रागात होते, आणि राग उतरू लागला तोवर गिटार विकली गेली होती.

मी वाफेने बाबांची चिठ्ठी सोडवली. जागेवर नवी लावली आहे. मजकूर असा: ‘वरची फळी घासून जाड वॉर्निश थोरल्या मुलीने फर्निचरवाल्याकडून लावून घेतले, वडिलांना न विचारता. घोडीशेजारी तळहाताएवढी जागा धाकट्या मुलाने साफ केली. ते काम उत्तम आहे, अपुरे राहिले, कारण थोरली बोलली नाही. आवाज दबला आहे, त्या जागेपाशी मोकळा आहे.’ एक दोन शब्द वाढले. बाबांनी खोडले असते.

उरलेलं वॉर्निश मी काढलेलं नाही. मला येतं. पंधरा दिवसांचं काम आहे. पण त्या जागेच्या कडेला माझी काच लावायला हात धजला नाही. ते तू पुरं करावंस, की तसंच ठेवावंस, की पेटी उघडूच नयेस, यावर माझं काही म्हणणं नाही. तुझी बोटं आखडलेली नाहीत एवढं तुझ्या बायकोकडून विचारून घेतलं.

माफी मागते. ती तू द्यावीस म्हणून मागत नाही, मागायची राहिली होती म्हणून मागते. बाबांच्या बाबतीत तर ती मागायचीही सोय मी ठेवली नाही.

तुझ्या मुलीला सांगायचं असेल तर सगळं सांग. तिच्या डोक्यात आत्या म्हणजे सरळ रेघ आहे. ती थोडी वाकडी झालेली बरी.

दुकान सकाळी दहाला उघडतं. समोर दोन पायऱ्या होत्या त्या मी गेल्या वर्षी काढून उतार केला, जड पेट्यांसाठी. तुझ्या गुडघ्याला त्रास होणार नाही.

तुझी,
ताई

सोबत, आज दुपारी तीन वाजता पार्सलच्या गाडीवाल्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तू:

गिटार एक, तारा सैल करून. मानेखाली कापडाची घडी ठेवली आहे, ती काढून मग उचलणे.

पेटी एक, जुनी, डॉक्टरांचीच. डावी कडी नीट बसत नाही.

चामड्याचा पट्टा एक, डॉक्टरांकडून. ‘धाकट्याला माझ्यातर्फे, पैसे नकोत’ असं त्यांनी सांगितलं आहे.

वडिलांच्या हातची चिठ्ठी एक, वेगळ्या पाकिटात. खालचा कोपरा सोडवताना मी फाडला.

गाडीवाल्याने सगळं मोजून घेतलं. देणारीची सही केली आहे. घेणाऱ्याची जागा कोरी आहे.