धुऱ्यावरचा रस्ता

बाबा, आपला धुरा मोडला. मीच मोडला, जेसीबी लावून. दोन वावरांमधल्या ज्या हातभर मातीसाठी तुम्ही आणि शेजारच्या वावरातल्या धुरेकऱ्यानं एकमेकांचं रक्त काढलं, तिच्यावरून आता आर्णी गावातला नवा रस्ता जातो.

तो दिवस मला दिसतो त्याहून जास्त ऐकू येतो. वखरणी चालू आहे, मी तुमच्या मागं दुसरा वखर धरून आहे. दरसाल तुम्ही वखराचा एक तास, एक ओळ, धुऱ्यात घुसवता, पलीकडून धुरेकरीही घुसवतो. कोरून कोरून धुरा पाऊलभर उरला आहे. तो ओरडतो, "आणखी कोरून राह्यला का बे? तुह्या बापाचा हाय का धुरा?" तुम्ही म्हणता, "बापाचाच हाय. ये, उचलून ने!" मग बैल हाकायची तुतारी त्याच्या कपाळावर बसते आणि त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा तुमच्या मनगटावर. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. ते मनगट पुन्हा कधी सरळ झालं नाही.

आता तुम्ही नाही, तोही नाही. मी प्लॉटच्या धंद्यात पडलो. चहा पाजून, हसवून लोकांच्या सह्या घेणं मला जमतं. आपल्या ओळीतली चौघांची चारही वावरं गावाच्या हद्दीत आली, तेव्हा प्रत्येकानं आपापला नकाशा काढला आणि प्रत्येकाचा रस्ता आपल्याच धुऱ्यावर येऊन थांबला. नगररचनेच्या साहेबानं चारही नकाशे परत केले. "एकाचा रस्ता दुसऱ्याला लागत नाही. नाली कुठून काढाल, गाडी कुठून वळेल? चौघांचा मिळून एक नकाशा आणा, नाहीतर कोणाचाच मंजूर नाही." मी तसा नकाशा काढून घेतला. दोघांनी चहावर सही केली. राहिला धुरेकऱ्याचा पोरगा.

मोजणीच्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊनच आला. "तुह्या बापानं तासं खाल्ले, तू अख्खं वावर खातं काय बे?" पहिल्या घावात मोजणीची खुंटी उभी चिरली. दुसरा घाव उलट्या कुऱ्हाडीचा, माझ्या खांद्यावर. मी त्याला ढेकळांत आपटला, छातीवर गुडघा दिला, गळा धरला. बोटं रुतत होती, त्याचे डोळे पांढरे होत होते, लोक मला ओढत होते, आणि बाबा, मला सोडवत नव्हतं. तेवढ्यात त्या आवळलेल्या गळ्यातून निघालं, "सारा रस्ता... माह्याच वावरातून काहून?"

बाकीच्यांनी शिव्या ऐकल्या. माझे कान तिखट, मी 'सारा' ऐकलं. खरंच होतं ते. नकाशा काढणाऱ्यानं विचारलं तेव्हा मीच बोट त्याच्या बाजूला सरकवलं होतं. कागदावर का होईना, मीही तास घुसवला होता.

मी हात काढले. म्हटलं, "अर्धा रस्ता माह्या वावरातून जाईन."

तो खोकत म्हणाला, "लिहून दे."

"देतो ना. आधी श्वास घे. तू मेला तं सही कोन करन?"

तो हसला नाही, पण कुऱ्हाडही उचलली नाही. रस्ता मधोमध धुऱ्यावर आला, माझे रस्त्याकडचे चांगले प्लॉट गेले, नकाशा मंजूर झाला.

हे पत्र धुऱ्यात पुरायचं ठरवलं होतं. तुम्ही सापडाल तर तिथंच. आता तिथं डांबर आहे, म्हणून ते खिशातच राहील. संध्याकाळी मी त्या रस्त्यानं फिरतो. समोरून तो येतो, मान हलवतो, मीही हलवतो. खरं सांगू? रस्ता एवढा रुंद झाला, तरी मी अजून आपल्याच अर्ध्यातून चालतो. आणि तो त्याच्या.