ताईचा बुधवार

८ फेब्रु., रवि.
वही मिळून सव्वा महिना झाला, आज पहिलं पान. ताईने दिली होती. म्हणाली, "पप्या, कुठं कुठं उंडारतोस ते लिहून तरी ठेव, शोधायला बरं पडेल." रोज म्हणायचो उद्या. मधे विंचूरला कांद्याच्या गोण्या उचलल्या, मग देवळाली कॅम्पात एका दुकानात पंधरा दिवस. वही तशीच कोरी पिशवीत.

आज लिहितोय, कारण मोठं काम अंगावर आहे. बुधवारी ताईचं ऑपरेशन. मुलं बंद करायचं. तीन झाली, दोन पोरी, एक पोरगा. तिसऱ्या वेळी एवढं रक्त गेलं की डॉक्टरबाईने तोंडावर सांगितलं, चौथं म्हणजे जिवाशी खेळ. पण ताईची सासू म्हणते, "एक डोळा काय डोळा असतो?" तिला अजून एक नातू पाहिजे. म्हातारी सध्या सटाण्याला, लेकीच्या बाळंतपणाला. पुढच्या सोमवारी येणार. त्याआधी उरकायचं.

दाजी हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. कोबीला पाणी भरतो. गावच्या आरोग्य केंद्राची आशाताई (इथून पुढं आ.ता., हात दुखतो) म्हणाली, सही बाईची लागते, नवऱ्याची नाही.

माझं काम एवढंच. मखमलाबादहून ताईला गाडीवर बसवायचं, सरकारी दवाखान्यात वेळेत उतरवायचं. झोपेतसुद्धा करीन.

१० फेब्रु., मंगळ.
ताईचं रक्त तपासलं. थोडं कमी आहे, पण चालेल म्हणाले. आ.ता.ने तीनदा बजावलं, रात्री दहानंतर पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही.
"पप्या, तुला सांगतेय, भिंतीला नाही."
"कळलं हो."
ताईला घरी सोडून येताना एक जण रस्त्याच्या कडेला जुनी जीप उघडून बसला होता. बघत थांबलो. दोन तास गेले. इंजिन मस्त होतं.

११ फेब्रु., बुध., दुपार
घोळ झाला. माझ्यामुळे.

सातला निघालो. पंचवटीत बंड्याची मिसळ. दोन वर्षांत गेलो नव्हतो, त्याने लांबूनच हाक मारली. ताईला म्हटलं दोनच मिनिटं. तिला बाकावर बसवलं, मी प्लेट घेतली. बंड्याने न विचारता तिच्यापुढे चहा ठेवला. ती नको नको म्हणतेय, तर हा म्हणतो, "ताई, पहिल्यांदा पाय लागले आमच्या दुकानाला. कोऱ्या तोंडानं कशा जाल?" ताईने माझ्याकडे बघितलं. आणि मी, शहाणा, तोंडात पाव, म्हणतो, "घे गं. चहाने काय होतंय? चहा म्हणजे काय जेवण?"

अर्धा कप प्यायली. माणुसकी म्हणून.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, सकाळपासून काही घेतलं? मला वाटलं ताई नाही म्हणेल. ती म्हणाली, "अर्धा कप चहा." सिस्टरने पेन खाली ठेवलं. दुधाचा चहा म्हणजे खाणंच. भुलीत उलटी झाली, छातीत गेली, तर बाई जायची. आता पुढच्या बुधवारी.
म्हणजे सासू आल्यानंतर.

आ.ता. पायरीवर मला बोलली ते लिहीत नाही. शेवटचं वाक्य फक्त, "सहा महिने लागले हिला हो म्हणायला. तू एका मिसळीत घालवलंस." ताई गाडीवर बसताना खांद्यावर हात ठेवते तो ठेवला नाही, मागचा दांडा धरला.

१२ फेब्रु., गुरु.
विंचूर. पळून आलो, खोटं कशाला लिहू. एक ओळखीचा ट्रक निघाला होता, चढलो. दिवसभर गोण्या उचलल्या. त्याने काय फरक पडला? कांदा हलला, ताई तिथंच.
उद्या परत. सरळ. कुठं न थांबता.

१४ फेब्रु., शनि.
कालच येणार होतो, एक दिवस निफाडला गेला, ते असो.

दाजीकडे वावरात गेलो. टोमॅटो भरत होता. मीपण बसलो. दहा कॅरेट झाल्यावर म्हटलं, दाजी, सिस्टर सांगत होती पुरुषांचंपण होतं. पोट फाडायचं नाही, उपाशी राहायचं नाही, संध्याकाळी घरी. ताईच्या अंगात आधीच रक्त कमी.
दाजी हसला. "आणि ही कॅरेटं कोण उचलणार? तुझा बाप?"
"सिस्टर म्हणाली आठवडाभर जड उचलायचं नाही, मग पहिल्यासारखं."
"सिस्टरला काय, तिला मंडईत जायचंय? इथं लोकांना कळलं तर पुरुष म्हणून हाक मारतील का मला?"
"मी उचलतो आठवडाभर. दोन आठवडे."
"तू?" त्याने टोमॅटो पुसला, वरच्या थरात नीट मांडला. "दोन दिवस एका जागी टिकला तर सांग."
चाळीस कॅरेट टेम्पोत चढवले. पाठ गेली. पण नाही म्हणाला नाही तो. माझ्या हिशेबाने अर्धं काम झालंय.

१६ फेब्रु., सोम.
सासू आली. लेकीला मुलगा झालाय, त्याचे पेढे. मला दोन दिले. "तू अजून इथंच? बरा हाईस ना?"
संध्याकाळी ताईने स्वतःच सांगितलं. मला वाटलं होतं लपवून नेऊ, थाप मारू, मी दोन थापा तयारसुद्धा ठेवल्या होत्या. ती भाकरी थापत होती, मान वर न करता बोलली.
"आत्या, बुधवारी मी ऑपरेशनला चाललेय."
म्हातारी पेढ्यांचा खोका बांधत होती. "कुणाला इचारून?"
"डॉक्टरला."
"मला सात झाली. मेले का मी?"
"तीन गेली ना, आत्या."
 तव्यावरची भाकरी करपली. दाजी उठून मोटर बंद करायला गेला. मोटर बंदच होती.

१७ फेब्रु., मंगळ.
सकाळपासून म्हातारी ताईशी बोलत नाही. पोरांमार्फत निरोप. "आईला सांग मीठ कमी हाय." दाजीला विचारलं, त्यादिवशीचं काय ठरलं? "बघू." उद्याचं? "मला मार्केट आहे."
आ.ता. येऊन गेली. मला म्हणाली, "उद्या गाडी कुठं थांबणार?" म्हटलं, कुठंच नाही. "लिही वहीत." लिहिलं. कुठंच नाही.
ताई दहाला तांब्या पालथा घालून झोपली.

१८ फेब्रु., बुध.
आठ वाजता दवाखान्यात. थेट. पंचवटीतून न जाता दुसऱ्या पुलावरून घेतली. ताईने आज खांदा धरला.

बाकावर बसून लिहितोय. आत सात बायका, ताई चौथी. सिस्टरने परत विचारलं, पोटात काही? ताई म्हणाली, "थुंकीपण नाही." सिस्टर हसली. सही केली, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. एवढं मोठं नाव तिचं, मी कधी लिहिलेलं बघितलं नव्हतं.
निघताना म्हातारी ओट्यावर पाठ करून बसली होती. दाजी पहाटेच माल घेऊन गेला. कुणी नाही आलं तरी मी आहे. आज मी हलत नाही.

पहिली बाई आत गेली.

दुसरी. आ.ता. म्हणते, आज लवकर उरकतंय.

सव्वादहा. ताईला हिरवा झगा दिला. त्यात एवढीशी दिसते. म्हणाली, घाबरू नको. मला म्हणाली!

फाटकात रिक्षा थांबली. ताईची सासू उतरतेय. एकटी. जी बाई मंडईलासुद्धा सोबत लागते म्हणते, ती. रिक्षावाल्याला थांब म्हणाली की जा म्हणाली ते ऐकू आलं नाही. आ.ता. उठून उभी राहिली. सिस्टर दारातून ताईचं नाव पुकारतेय, आणि म्हातारी पदर खोचून पायऱ्या चढतेय, सरळ माझ्याकडे बघत. ताई आत गेली, आणि मी वही मिटून दारासमोर उभा राहतोय.