टोपलीसकट वजन

ता. १९, मंगळवार, दुपार

प्रिय आत्या,

कोपरापासून नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण जमिनीवर चिमटी शेपूट पसरून आडवी पडलीय आणि तिला उठवायची माझी हिंमत नाही. तुझा खुबा कसा आहे? ऑपरेशनची काठी सुटली का? ताईच्या घरी जिना नाही हे एक बरं झालं. इकडे सगळं ठीक. बाबा ठीक. नळ गळतोय, तोही ठीक.

पत्र बघून दचकली असशील. शाळेत निबंधाच्या वहीत 'आजारी होतो' एवढंच लिहून द्यायचा तो कारटा आता पानं भरतोय म्हणजे काय! पण फोनवर मला खरं बोलताच येत नाही गं. तिकडून तू हसलीस की मी लगेच पुढची थाप ठोकतो. म्हणून कागद.

परवा तुझा निरोप आला. 'चिमटी साडेतीन किलोची झाली म्हणजे तुझ्याकडे मानवलं तिला. मग राहू दे तिथेच, कायमची.' बाबांनी तो मोठ्याने वाचला आणि माझी पाठ थोपटली. त्या हाताला माझ्या पाठीवर धपाटा सोडून दुसरं काही माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आत्या, ती साडेतीन किलोची नाहीये.

झालं असं. मी पार्सल ऑफिसात वजनाला असतो हे तुला माहीतच आहे. एक दिवस चिमटीला वेताच्या टोपलीत घालून नेलं आणि काट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे. लगेच तुला फोन केला. मागे आमचे काटेवाले काका उभे होते. म्हणाले, "काय रे, धडा केलास का?"

मी म्हटलं, "काका, शाळेत एक धडा धड केला नाही, आता कुठला करू?"

सगळे हसले. काका नाही हसले. त्यांनी चिमटीला बाहेर काढून माझ्या हातात दिलं आणि रिकामी टोपली काट्यावर ठेवली. सहाशे ग्रॅम. "भांड्याचं वजन आधी वजा करायचं, त्याला धडा करणं म्हणतात. तुझी मांजर दोन किलो आठशे. बाकी तू टोपली मोजलीस."

तू दिलीस तेव्हा ती तीन किलो तीनशे होती. तिच्या लसीच्या कार्डावर लिहिलंय.

तिथेच तुला परत फोन करायला हवा होता. नाही केला. पुढच्या आठवड्यात ती आणखी पन्नास ग्रॅमनी उतरली. तेव्हा मी टोपली तर ठेवलीच, वर आत टॉवेल घातला. तीन किलो पाचशे भरलं, तेच तुला कळवलं. पहिल्यांदा चूक झाली होती. दुसऱ्यांदा मी ती मुद्दाम केली.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळपासून कशाला तोंडच लावलं नाही, तेव्हा माझं धाबं दणाणलं. तसाच उचलून डॉक्टरीणबाईंकडे पळालो.

"किती दिवस कमी खातेय?"

"झाले असतील आठ-दहा."

"आठ की दहा?"

"...वीस."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुझे दीड महिन्यात दहा किलो गेले असते तर वीस दिवस थांबला असतास? मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर येतं. यापुढे एक दिवस नाही खाल्लं की लगेच घेऊन यायचं, काय?"

त्यांनी दात बघितले, रक्त घेतलं, पोट चाचपलं. आजार नाही. म्हणाल्या, काही मांजरं मुळातच थोडं खातात, त्यांना एकदम भरपूर वाढलं तर बघूनच मन उडतं. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यायचं. कोमट करून, म्हणजे वास सुटतो. पसरट बशीत, म्हणजे मिशा कडेला लागत नाहीत. खाणं सारखं बदलायचं नाही. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर.

मग त्यांनी विचारलं, "घरात काही बदललंय का?"

मी म्हटलं, "आत्या गेली राहायला." तेवढंच सांगितलं. अर्धंच.

उरलेलं अर्धं तुला सांगतो. रागव, पण वाच.

माझ्या नकला तुला ठाऊक आहेत. तू गेल्यावर मित्र आले होते. मी दाराआड उभा राहून तुझ्या आवाजात ओरडलो, "चला बाईसाहेब, वाढलंय!" चिमटी गॅलरीतून अशी धावत आली की पाय घसरला तिचा. दाराआड बघितलं, पलंगाखाली बघितलं, तुझ्या जुन्या चपलेत तोंड घातलं. पोरं हसून लोळली. मग काय, मी रोज तेच. पाचव्या-सहाव्या वेळी तिने नुसता कान हलवला. त्यानंतर 'वाढलंय' म्हटलं की ती बशीकडे पाठ करून बसायला लागली. खरंच वाढलेलं असलं तरी.

मित्रांना हसवायला केलं असं मी स्वतःला सांगत होतो. पण पहिल्यांदा तो आवाज काढला तेव्हा घरात कोणीच नव्हतं. सहज, तुझा आवाज ऐकावासा वाटला म्हणून काढला होता. चिमटी आली, मी पण दाराकडे बघितलं. दोघंही येडे.

आता मी हाकच मारत नाही. बशी ठेवतो आणि तिच्याकडे पाठ करून गप्प बसतो. मी, गप्प! बाबांना वाटलं मला ताप आलाय. पहिले दोन दिवस तिने नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवशी मागून चप-चप ऐकू आलं, तर मी श्वाससुद्धा धरून ठेवला. दुपारच्या बशीसाठी जेवणाच्या सुट्टीत घरी येतो. काका म्हणतात, "जा, तुझी साहेबीण वाट बघत असेल."

परवाचं वजन दोन किलो नऊशे पन्नास. तीन आठवड्यांत दोनशे चढलं. बाईंनी सांगितलं, असंच सावकाश चढू दे.

तर तू 'कायमची' म्हणालीस ते खोट्या आकड्यावर म्हणालीस. ते मी धरत नाही. आता खरं कळलंय, आता ठरव. न्यायची असेल तर मी हट्ट करणार नाही. ठेवलीस तर पाच बश्या माझ्या, हे लिहून देतो. सोमवारी मला सुट्टी असते. तिला न्यायला नाही, तरी एकदा बघायला ये. ती आधी ओळख दाखवणार नाही, रागावलेली असेल. बसून राहा.

तुझाच,
माफ केलंस तर भाचा, नाहीतर नुसता कारटा