पाचवा पर्याय

वडीगोद्री
१० जानेवारी

प्रिय अर्पिता,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालीस, आता पुण्यात मोठी इंजिनिअर झालीस. तेव्हा थोडा राग सोसावाच लागेल.

शेवटच्या वर्षाला तू इथल्या महिलांच्या संस्थेला एकल महिलांच्या सर्वेसाठी प्रोग्रॅम करून दिला होतास, तो आता मी सांभाळते. मागच्या महिन्यात कुंभार पिंपळगावच्या दैवशालाबाई आल्या. सर्वेवाल्या पोरींनी कपाळावरचं कुंकू पाहून त्यांना विवाहित लिहिलं होतं, विचारायची तसदीच घेतली नाही. बाई म्हणाल्या, "नवरा नांदवून न्हाई राह्यला, फारकत बी देईना. मंग मी कोण?" तुझ्या एनममध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या ठरावीक पर्यायांच्या यादीत, चारच पर्याय: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. विवाहित म्हटलं की नाव एकल महिलांच्या यादीतून गळतं आणि संस्थेकडून मिळणारं शिलाई मशीनही हातचं जातं.

मला वाटलं, सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये 'व्यक्ती' या क्लासवरून, म्हणजे माहितीच्या साच्यावरून, तू 'महिला' क्लास काढलास. तिने वरचं सगळं घेतलं, आपलं थोडं जोडलं. तसाच तुझ्या एनमचा वारसा घ्यायचा, चार तुझे आणि पाचवा माझा, परित्यक्ता. प्रोग्रॅम तपासून घेणाऱ्या कंपायलरने तोंडावर दार लावलं. आधी चिडले, मग दोन दिवस बसून समजून घेतलं. क्लासची लेक आईच्या जागी चालते, कारण आईकडून जे हवं ते तिला येतं. एनम मात्र बंद यादी. चारच आहेत या भरवशावर बाकीचा प्रोग्रॅम लिहिलेला. लेकीने पाचवा आणला, तर चौघांचीच वाट पाहणाऱ्याने त्याचं काय करायचं? म्हणून वारसा बंद. पाचवा हवाच असेल तर मूळ यादी उघडायची आणि तिच्यावर विसंबलेली प्रत्येक जागा तपासायची. आठवडा गेला, पण केलं. दैवशालाबाईंचं नाव लागलं.

त्यांच्याखाली माझं घातलं. तीन वर्षं झाली मला माहेरी येऊन. तुझा भाऊ कल्याण न्यायला येत नाही, सोडतही नाही. सणाला मला हिरवा चुडा भरायचा की नाही, हे आई मला विचारत नाही, शेजारणीला विचारते. संस्थेच्या यादीत मी परित्यक्ता आहे, बाकी सगळीकडे कल्याणची बायको.

अंबडच्या कोर्टात मी घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. कल्याणने लिहून दिलंय की मीच रागाने घर सोडलं, तो नांदवायला तयार आहे. त्या दुपारी त्याने माझी पेटी अंगणात फेकली, तेव्हा दारात तू उभी होतीस. तू पेटी उचललीस. मला वाटलं आत नेशील. तू ती माझ्या हातात दिलीस. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. वीस तारखेला साक्षीला ये. भावाच्या विरुद्ध बोलू नकोस, पाहिलंस तेवढंच सांग.

तुझीच, अजून तरी वहिनी,
शालू